उपकार आणि उचल

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या त्या बंगल्यात तुला ‘घरातलाच’ म्हणतात, घरातलाच म्हणून मध्यरात्री गाडी काढायला उठवतात, पाहुण्यांदेखत आईवरून शिव्या देतात आणि गेल्या आठवड्यात कानाखालीही मारली, असे तू लिहिलेस. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, वडिलांच्या ऑपरेशनला साहेबांनी पैसे दिले होते, तेव्हा आता सोडून जाणे कृतघ्नपणाचे होईल, असेही लिहिलेस. या दोन गोष्टी एका वहीत मांडू नकोस. ऑपरेशनचे पैसे ही उचल होती आणि ती दरमहा पगारातून कापली जाते. उरलेली बाकी लेखी मागून घे, नोकरी सोडल्यावर बँकेमार्फत फेड, हातोहात रोख देऊ नकोस. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात तर शाहू महाराजांनी वेठ त्याच्याही कितीतरी आधी बंद केली होती. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांत तुझे साहेब दरवर्षी पुढे असतात, हे जाता जाता.

साहेबांच्या कपाटात अडकलेल्या गुणपत्रिकांची तुला फार धास्ती वाटते. ती सोड. दहावी-बारावीच्या दुय्यम प्रती शिक्षण मंडळाकडून आणि पदवीच्या शिवाजी विद्यापीठातून रीतसर अर्ज केल्यावर मिळतात. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकचे मात्र तसे नाही, तिथे खरोखर जपायला हवे. त्याचा क्रमांक चेकबुकाच्या स्थळप्रतीवरून काढ, तो केवळ तारण म्हणून दिला होता आणि उचलीची बाकी इतकी आहे, असे राजीनाम्यातच लिही, आणि चेक परत माग. राजीनामा स्पीड पोस्टाने पाठव, पोच जपून ठेव. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत थकलेला पगार द्यावा लागतो, हेही त्यात नमूद कर.

मारहाणीबद्दल गप्प बसू नकोस. सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन तपासून घे, डॉक्टरांना कारण खरे सांग, आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे. तिथे नोंदवून घेतली नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. वकिलाच्या खर्चाला भिऊ नकोस. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तुझ्या बेताच्या उत्पन्नावर तिथे मोफत वकील मिळू शकतो. आधी १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर फोन करून विचार.

समोर बसून, समजावून, त्यांचा आशीर्वाद घेऊन निघण्याचा तुझा विचार मला पटत नाही. त्यांना तुझे म्हणणे पटेपर्यंत थांबायचे ठरवलेस, तर सुटकेची किल्ली त्यांच्याच खिशात राहील. कपडे आणि औषधे आधी थोडी थोडी मावशीकडे हलव, फोनवरचे त्यांचे शिवीगाळीचे संदेश दुसरीकडे उतरवून ठेव, आणि खोली सोडल्यानंतरच राजीनामा टपालात टाक. आधी फोनवर धमक्या येतील. मग वहिनीसाहेब रडतील, पगार वाढवण्याचे बोलणे होईल, आणि हा दुसरा भाग तुला अधिक जड जाईल. कोणाचाही फोन आला, तरी ‘जे असेल ते लेखी कळवा’ एवढेच म्हण आणि ठेवून दे. बंगल्यावर एकट्याने जाऊ नकोस. सामान राहिले असेल, तर मी बरोबर येईन.

रविवारी राजीनाम्याचा मसुदा घेऊन घरी ये.

तुझा,
काका