ओढायचं नाही, ढकलायचं: स्लायडिंग मायटर सॉबद्दल वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सध्या एकाच यंत्राची गर्दी आहे: स्लायडिंग कंपाऊंड मायटर सॉ, म्हणजे लाकूड आडवं आणि कोनात कापणारी विजेची करवत. घोळ तोच, आणि बहुतेक वेळा चुकीचं उत्तर आधीच कुणाकडून तरी ऐकलेलं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. आधी शब्द पक्के करू. टेबल डावी-उजवीकडे वळवून मिळतो तो मायटरचा कोन, ब्लेडचं डोकं कलतं करून मिळतो तो बेव्हलचा. दोन्ही एकाच कापात आले की तो कंपाऊंड काप. आणि डोकं रॉडवरून पुढे-मागे सरकतं म्हणून स्लायडिंग.

प्रश्न: १० इंची घ्यावा की १२ इंची? दुकानदार म्हणतो, मोठा घेतला तर पुन्हा घ्यावा लागणार नाही.

बहुतेकांना १० इंची पुरतो. सरकणाऱ्या यंत्रात फळीची रुंदी मुख्यतः रॉडच्या लांबीवर ठरते. साधारण १० इंची स्लायडिंग यंत्र ३०० मिमीच्या आसपास रुंद फळी सरळ कापतं, तर तेवढ्याच ब्लेडचं न सरकणारं यंत्र १५० मिमीच्या आतबाहेर थांबतं. १२ इंची ब्लेडने वाढते ती उंची. उभं मोल्डिंग (सजावटीची नक्षीपट्टी) किंवा जाड खांब रोज कापायचे असतील तर ती उंची कामाची आहे, नाहीतर जड आणि जास्त लचकणारं ब्लेड तुम्ही विनाकारण सांभाळत बसाल. टेबल ४५ अंशांत वळवलं की ३०० मिमीचे सुमारे २१० मिमीच उरतात, तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा वाचून थांबू नका. ४५ अंशांतली रुंदीही छापलेली असते, ती बघा.

जागा मोजायलाही विसरू नका. ज्या यंत्रांचे रॉड मागे बाहेर येतात त्यांना भिंतीपासून चांगलं हातभर अंतर लागतं. रोज हेच काम करणाऱ्या एखाद्या सुताराकडे जाऊन स्वतः चार काप घेऊन बघा, मगच ठरवा.

प्रश्न: लेझर असलेलाच घ्यावा का?

कापाची रेघ दाखवणाऱ्या लेझरसाठी यंत्र निवडू नका. लेझर हलतो आणि पुन्हा जुळवावा लागतो. ब्लेडची सावली फळीवर पाडणारा दिवा जास्त भरवशाचा, कारण ती सावली ब्लेडचीच असते आणि चिरेच्या दोन्ही कडा दाखवते.

प्रश्न: एका यंत्रावर जास्त वॅट लिहिले आहेत, दुसऱ्यावर कमी. जास्त वॅटचं चांगलं ना?

खोक्यावरचा 'पीक' आकडा सोडून द्या. मोटर बंद पडायच्या बेतात असताना क्षणभर जे खेचते तो आकडा कामाचा नाही. यंत्राच्या अंगावर जी पट्टी चिकटवलेली असते तिच्यावरची माहिती वाचा. त्यापेक्षा हे करा: डोकं पूर्ण पुढे ओढा, हँडल धरून हलक्या हाताने डावी-उजवीकडे दाबा. तिथे खुळखुळ लागली तर वॅट कितीही असोत, ते यंत्र घेऊ नका.

प्रश्न: फोटोफ्रेमचे कोपरे जुळत नाहीत. काटा बरोबर ४५ वर असतो. मित्र म्हणतो लाकूड ओलं असेल.

लाकडाला दोष देण्याआधी यंत्र तपासा. चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला आणि चूक एकाच बाजूची असली, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट उघडते. काट्याच्या जाडीतच अर्धा अंश सहज लपतो.

तपासणी सोपी आहे. दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी घ्या, टेबल शून्यावर ठेवून मधोमध कापा. दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवा. आता एकच तुकडा उलटा करा, खालची बाजू वर, आणि कापलेल्या कडा पुन्हा भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. ३०० मिमी रुंदीवर अर्धा मिमी खरी चूक म्हणजे साधारण एक दशांश अंश. चौकटीच्या कामाला एवढं पुरेसं नेमकं आहे. बेव्हलही तपासा, काटकोन तपासायचा चांगला गुण्या ब्लेडच्या पत्र्याला लावून, दात्यांना नव्हे. दाते बाहेर आलेले असतात आणि गुण्याला फसवतात.

फेन्सचे, म्हणजे लाकूड जिला टेकवतो त्या मागच्या उभ्या पट्टीचे, स्क्रू कुठे आणि किती सैल करायचे हे प्रत्येक यंत्रात वेगळं असतं. माहितीपुस्तिका उघडा, नसेल तर सर्व्हिस केंद्रात विचारा. अंदाजाने स्क्रू फिरवू नका.

प्रश्न: रुंद फळी कापताना डोकं आपल्याकडे ओढत कापावं की पुढे ढकलत? आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे ओढतात आणि काप स्वच्छ येतो.

ढकलत. याच एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्लेड कुठल्या दिशेने फिरतं ते गार्डवरच्या (ब्लेडच्या संरक्षक झाकणावरच्या) बाणावर बघा. तुमच्या बाजूचे दाते खाली जातात, तळाचे दाते तुमच्यापासून दूर फेन्सकडे धावतात, मागचे वर येतात. तुम्ही डोकं पुढे ढकलता तेव्हा दाते लाकडाला फेन्सवर दाबतात आणि ब्लेड तुमच्या हाताला थोडा विरोध करतं. तो विरोध तुम्हाला हवा आहे. त्याच्यामुळे किती वेगाने कापायचं हे तुमच्या हातात राहतं.

ओढताना हे उलटतं. दाते लाकडाला पकडून स्वतःच तुमच्या दिशेने चालायला बघतात. बारीक, मऊ लाकडात हे जाणवतही नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं ओढतात आणि 'काही होत नाही' म्हणतात. मग एक दिवस गाठ येते किंवा जाड सागाची फळी येते, आणि डोकं लाकडावर चढून थेट माणसाकडे येतं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलाचं असं झालं होतं. डावा हात ब्लेडपासून वीतभर लांब होता म्हणून वाचला. ती ४० मिमी जाडीची फळी मी ठेवली आहे. तिच्यावर चंद्रकोरीसारखी चार बोटं लांब खाच आहे, कडा काळ्या भाजलेल्या. नवीन माणूस आला की मी आधी तिच्यावरून त्याला बोट फिरवायला लावतो.

ही सवय कुठून आली तेही सांगतो. वरच्या आडव्या दांड्यावरून ब्लेड सरकणाऱ्या जुन्या रेडियल आर्म सॉवर आडवा काप ओढतच घेतात. त्यावर शिकलेले हात इथेही तेच करतात आणि शिकाऊ मुलं बघून उचलतात. यंत्र वेगळं आहे, पुस्तिकाही स्पष्टपणे ढकलायला सांगते, तरी पुस्तिका खोक्यातच राहते.

बरोबर क्रम असा: लाकूड फेन्सला आणि टेबलाला भिडवून क्लॅम्प करा. मोटर बंद असतानाच डोकं वर ठेवून आपल्याकडे पूर्ण ओढा. मोटर सुरू करा, ब्लेड पूर्ण वेगात येऊ द्या, समोरच्या कडेवर खाली उतरवा आणि सावकाश पुढे ढकला. काप संपला की बटण सोडा, ब्लेड थांबेपर्यंत डोकं खालीच ठेवा, मग उचला. फिरतं ब्लेड उचलताना सुटा तुकडा दात्यात सापडून उडतो. फळीत बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे ठेवा, म्हणजे चीर मिटून ब्लेड आवळलं जात नाही. कापाच्या रेषेवर फळी आणि फेन्स यांच्यात फट दिसत असेल तर तो काप घेऊच नका.

ओढल्यावर काप स्वच्छ येतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. ढकलताना दाते फळीच्या वरच्या पृष्ठातून बाहेर येतात, म्हणून तिथे कपचे निघतात. पण त्याला उपाय आहेत: चांगली बाजू खाली ठेवा, रेघेवर चिकटपट्टी लावा, किंवा धारदार सुरीने आधी रेघ कोरून घ्या. अरुंद पट्टी न सरकवता नुसती वरून कापता, तेव्हा मात्र कपचे खालच्या बाजूला निघतात. तिथे चांगली बाजू वर. एवढं केल्यावरही काप खराब आला तर ब्लेड बोथट आहे.

तुमच्या वर्कशॉपमध्ये सगळे ओढत असतील तर आज एकदा जाणत्या माणसासमोर सगळ्यांना ढकलून दाखवायला लावा.

प्रश्न: टेबल सॉचं जुनं १० इंची ब्लेड पडून आहे. याच्यावर बसवलं तर चालेल? व्यास तर तोच आहे.

तो प्रश्न वरच्याच उत्तराला जोडलेला आहे. लाकूड लांबीत चिरण्याच्या ब्लेडचे दाते पुढे झुकलेले असतात, बऱ्याचदा १८ ते २० अंश. असं ब्लेड लाकडात स्वतःला ओढून घेतं. सरकणाऱ्या यंत्रावर ही झुकण्याची मात्रा शून्याच्या आसपास किंवा उणे ५ अंशांपर्यंत हवी. १० इंचीत ६० ते ८० दाते चांगले. मधल्या भोकाचं माप आणि ब्लेडवर लिहिलेला कमाल वेगही यंत्राशी जुळला पाहिजे. भोक मोठं आहे म्हणून मिळेल ती रिंग घालून बसवू नका. खात्री नसेल तर यंत्राचं मॉडेल सांगून ब्लेड विकणाऱ्या जाणकाराला विचारा.

प्रश्न: यावर फळी लांबीत चिरता येईल का?

नाही, कधीच नाही.

प्रश्न: खालचा गार्ड अडकतो. चार महिन्यांपासून तो वर बांधून काम करतोय, काही अडलं नाही. दुरुस्त करावाच का?

चार महिने! हे पत्र लिहायच्या आधी प्लग काढायला हवा होता. गार्ड अडकण्याचं कारण बहुतेक वेळा भुसा आणि लाकडाचा डिंक असतो, कधी तुटलेली स्प्रिंग. साफ करायला अर्धा तास जातो. दोरी आजच सोडा, गार्ड आपोआप खाली येतो का बघा, येत नसेल तर यंत्र सर्व्हिस केंद्रात न्या आणि तोवर हातकरवतीने कापा.

प्रश्न: दोन इंचांचे ठोकळे भरपूर कापायचे आहेत. हात जवळ जातो.

हात ब्लेडपासून किमान १५० मिमी लांब, याला अपवाद नाही. लांब पट्टीवरूनच ठोकळे कापत जा, पट्टी हातात उरेल तोवर. शेवटचं शेपूट टाकून द्या. मापासाठी ठोकळा लावून अडसर करायचा असेल तर तो धरलेल्या बाजूला लावा. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावलात तर तुकडा अडसर आणि ब्लेड यांच्यात अडकतो आणि गोळीसारखा सुटतो.

प्रश्न: हातमोजे घालून कापावं का?

नाही. ब्लेड बदलताना घाला, कापताना काढा.

प्रश्न: छताच्या मोल्डिंगला दोन्ही कोन लावून कापायचं म्हणतात. टेबलवर ३१.६ ची खूण का असते?

त्याच मोल्डिंगसाठी. छताशी ५२ आणि भिंतीशी ३८ अंशांत बसणारं मोल्डिंग आडवं ठेवून कापलं, आणि खोलीचा कोपरा नेमका ९० अंशांचा असला, तर मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९ लागतो. ४५-४५ च्या मोल्डिंगला हेच आकडे ३५.३ आणि ३० होतात. पण कोपरे क्वचितच नेमके ९० अंशांचे असतात. आधी कोनमापकाने कोपरा मोजा, मग रद्दी तुकड्यांवर डावा-उजवा करून बघा. पहिल्यांदा करत असाल तर मोल्डिंग लावणाऱ्या कारागिराला एका कोपऱ्यापुरतं सोबत घ्या, डावं-उजवं उलटण्याची चूक तो एका नजरेत पकडतो.

प्रश्न: ॲल्युमिनियमची पट्टी कापता येते का?

तुमची पुस्तिका परवानगी देत असेल आणि अलोह धातूसाठीचं उणे झुकलेल्या दात्यांचं ब्लेड असेल, तरच. पट्टी क्लॅम्प करा आणि भुशाची पिशवी आधी काढा, गरम चुरा त्यात पडला तर आग लागू शकते. लोखंड नाही.

प्रश्न: दिवसभर कापलं की नाक बंद होतं, दोनदा रक्तही आलं. मास्क लावतो, कधी कधी. वडील म्हणतात सुताराला हे असतंच.

हे 'असतंच' म्हणून सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला, आणि त्यात नाक व त्याभोवतालच्या पोकळ्यांचा उल्लेख आहे. तुम्हाला तसं काही आहे असं मी म्हणत नाही, ते मला इथून कळणारही नाही. पण नाकातून दोनदा रक्त आलं, तर या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि काय काम करता, किती वर्षं करता, हे त्यांना सांगा.

यंत्राच्या मागची छोटी पिशवी पुरत नाही. या यंत्राचा भुसा मागे आणि वर सगळीकडे उडतो. भुसा ओढणारं व्हॅक्यूम जोडा, मागे आडोसा करा, आणि मास्क प्रत्येक कापाला लावा. झाडू मारताना तर नक्की, तेव्हाच बारीक कण सगळ्यात जास्त हवेत येतात.

प्रश्न: कानात काही घालायला हवं का? मी तर दिवसाला वीसच काप घेतो.

हो, वीस काप असले तरी. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज ८ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात.

प्रश्न: ब्लेडचा बोल्ट कितीही जोर लावला तरी सुटत नाही.

प्लग काढा. बहुतेक यंत्रांत त्या बोल्टचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. बाण दिला असेल तर तो बघा. लॉकचं बटण दाबून ब्लेड हलकेच फिरवा, खट् आवाज आला की मग पाना लावा. तरीही हलला नाही तर पान्याला पाइप जोडून जोर लावू नका, मेकॅनिककडे न्या.