एकच इंजिन असलेल्या विमानाचं इंजिन हवेत बिघडलं तर पायलट नक्की काय करतो? मुलीला फ्लाइंग शिकायला पाठवतोय.

'विमान दगडासारखं खाली येतं का' असं तुम्ही पुढे विचारलंय. नाही येत. सेस्ना १५२ चं इंजिन पूर्ण बंद पडलं तरी ६० नॉट (ताशी सुमारे ११० किलोमीटर) वेग धरला की ते तरंगत येतं. जमिनीपासून ३००० फुटांवर असाल तर वारा नसताना सुमारे ८ किलोमीटर अंतर आणि चार मिनिटं हातात असतात. चार मिनिटं पुष्कळ झाली. नाक खाली, वेग ६०, उतरायला जागा हेरायची, मग कार्ब हीट (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब), प्रायमर (सुरुवातीला इंधन ढकलणारा हातपंप), इंधनाचा व्हॉल्व्ह, मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा), सगळ्यात शेवटी रेडिओ. हे तुमच्या मुलीकडून इतकं घोकून घेतील की ती झोपेत बडबडेल.

मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. 'ऐन वेळी मुलगी घाबरली तर?'

इंजिन फटकन बंद पडलं तर काय करायचं ते ठरलेलं असतं. खरा छळ इंजिन अर्धवट चालतं तेव्हा. धड बंद नाही, धड चालू नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००० ते २०१० मधल्या एका इंजिनाच्या विमानांच्या नोंदी तपासल्या. टेकऑफनंतर इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या घटना ७५ निघाल्या, अर्धवट ताकद गेल्याच्या २४२. माणसं दगावली ती या दुसऱ्या गटात. कारण उघड आहे. इंजिन थोडं चालतंय म्हटल्यावर माणूस आशेवर राहतो, धावपट्टीकडे वळतो, नाक वर धरतो, वेग जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत. इंजिन माणसाला मारत नाही, स्टॉल मारतो.

माझं इंजिन असंच अर्धवट झालं होतं. महाराष्ट्रातलाच एक क्लब, नाव सांगत नाही. श्रावणातली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, खाली सगळं हिरवंगार, वर ढगांचा थर. मी सोलो, म्हणजे एकटी होते, ट्रेनिंग एरियात स्लो फ्लाइट, म्हणजे मुद्दाम कमी वेगात उडायचा सराव करत होते. ती झाल्यावर थ्रॉटल (विमानाचा ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडला तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, २१०० च्या वर चढेना. हळूहळू तोही उतरायला लागला आणि विमान भरलेल्या बैलगाडीसारखं हादरायला लागलं. मी कार्ब हीटचा नॉब पूर्ण बाहेर ओढला. आणि इंजिन आणखी बिघडलं! आरपीएम १९०० च्या खाली, धडधड दुप्पट. नॉब परत आत ढकलावासा वाटणारच. पण ढकलायचा नाही, हे मी वाचलेलं होतं. कार्ब्युरेटरच्या घशात जमलेला बर्फ वितळतो, त्याचं पाणी इंजिनातून जातं, शिवाय गरम हवा विरळ असते म्हणून मिश्रण दाट होतं. मिनिटभर ते सगळं सोसायचं. शिवाय ही उष्णता एक्झॉस्टवरून येते. इंजिन पूर्ण बंद पडलं की तीही गेली. म्हणजे हीट ओढायची ती इंजिन धुगधुगतंय तोवरच.

वेग धरून मी विमानतळाकडे तोंड केलं, टॉवरला 'रफ रनिंग इंजिन' कळवलं आणि वाटेतली शेतं बघत राहिले. शेतांबद्दल शिकवणारे फार कमी बोलतात, म्हणून सांगते. वरून ऊस गादीसारखा दिसतो. तो पुरुषभर उंचीच्याही वर असतो, चाकं अडकली की विमान उलटतं. पावसाळ्यात नांगरलेली काळी जमीन तर नकोच, पुढचं चाक रुतलंच म्हणून समजा. सोयाबीन किंवा भुईमूग चालेल, सरींच्या दिशेने उतरायचं. विहीर दिसली की तिथे मोटर आहे, मोटर आहे म्हणजे विजेची तार आहे. तार दिसत नाही, खांब शोधायचे. हमरस्ता सरळ आणि मोकळा वाटतो, पण डिव्हायडर, कमानी, फलक आणि ट्रक वरून कळत नाहीत. शेतात ४० नॉटला टेकलात तर तो ताशी पंच्याहत्तर किलोमीटरचा वेग झाला. विमान मोडेल, तुम्ही बहुधा चालत बाहेर याल.

उतरायची वेळ आली नाही. इंजिन दोन-तीन वेळा खोकलं आणि मोकळं झालं. हीट तशीच ठेवून मी उतरले.

खाली इंजिनिअरने रन-अप घेतला, म्हणजे जमिनीवरच इंजिन जोरात चालवून पाहिलं. मॅग्नेटो ठीक, प्लग स्वच्छ, इंधनात पाण्याचा थेंब नाही. चीफ इन्स्ट्रक्टर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, आपल्याकडे कसला बर्फ? हे काय काश्मीर आहे? पोटात गोळा आला असेल तुझ्या." स्नॅगच्या, म्हणजे विमानातल्या बिघाडाच्या नोंदीच्या, रकान्यात लिहिलं गेलं की दोष आढळला नाही. बर्फ तर वितळून गेलेला, पुरावा कुठून आणणार?

सर, हे वाचत असाल तर ऐका. काश्मीर लागत नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद भागात हवेचा दाब पडतो आणि पेट्रोलची वाफ होते, त्या दोन्हींमुळे तिथलं तापमान २०-३० अंशांनी सहज उतरतं. बाहेर २० अंश आणि हवा ओलीचिंब असली तर आत शून्याच्या खाली. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचं प्रशिक्षण पुस्तक सांगतं की धोका सर्वाधिक २१ अंशांखाली आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता असताना, पण ३८ अंशांपर्यंत आणि ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकतो. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असेल तर जास्तच. म्हणजे आपला पावसाळा आणि माझी स्लो फ्लाइट, दोन्ही पुस्तकाबरहुकूम. खरं तर कडक कोरड्या थंडीत हा त्रास कमी, हवेत पाणीच नसतं. तोच स्नॅग एखाद्या मुलाने आणला असता तर निदान कार्ब हीटची केबल तरी तपासली असती, असं माझं आजही मत आहे.

तर मुलीला एवढं सांगा. इंजिनात काही वेगळं वाटलं तर उतरल्यावर स्नॅग स्वतःच्या हाताने, सविस्तर लिहायचा: उंची, बाहेरचं तापमान, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेत दव धरतं ते), आरपीएम किती होता, कशाने काय झालं. 'इंजिन रफ' इतकंच लिहिलं की दुसरे लोक उरलेलं वाक्य भरतात. आणि घाबरण्याचं म्हणाल तर घाबरणार की. मीही घाबरले होते. घाबरलेल्या माणसालाही नॉब ओढता येतो.

आता राहिलेलं. वरचं सगळं कार्ब्युरेटरच्या विमानांना लागू आहे. इंधन इंजेक्शन असलेल्या नव्या सेस्ना १७२ मध्ये किंवा डिझेलवरच्या डायमंडमध्ये कार्ब हीट नसतेच, तिथली चेकलिस्ट वेगळी. मुलगी ज्या विमानावर शिकेल त्याच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच अंतिम, माझं नाही. टेकऑफनंतर पाचशे फुटांच्या आत काही झालं तर नॉब-बिब शोधत बसायचं नाही. नाक खाली, समोर दिसेल तिथे उतरायचं, मागे वळायचं नाही. काही जण वळून सुखरूप आले आहेत, ते मिशीला पीळ देऊन सांगतात. जे आले नाहीत ते सांगायला नाहीत.

क्लब निवडताना ताफ्यात विमानं कोणती हे विचारालच. त्यासोबत हेही विचारा की जुलै-ऑगस्टमध्ये कार्ब हीट कधी आणि किती वेळ वापरायला शिकवता. समोरचा हसला तर दुसरा क्लब बघा, फी सगळीकडे सारखीच रडवते.