कंपनीचं काम फक्त नफा कमावणं एवढंच असतं का?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननी 1970 मध्ये तेच मांडलं होतं, पण लोक अर्धंच सांगतात, फसवणूक न करता, नियमात राहून ही अटही त्यातच होती. माझ्या मते खरी गोम टार्गेटमध्ये असते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं बघा ना, प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ प्रॉडक्ट मारायचे, मग स्टाफने न विचारताच लोकांच्या नावाने खाती उघडली, खोटे ईमेल आयडीसुद्धा टाकले, 2016 ला 18.5 कोटी डॉलर दंड बसला आणि नोकऱ्या गेल्या जवळपास 5300 जणांच्या, बहुतेक खालच्याच लोकांच्या, याचं फार वाईट वाटतं. एथिक्सची पॉलिसी त्यांच्याकडेही होतीच. त्यामुळे कंपनी कशीये हे बघायचं तर आधी बोनस कशावर देतात ते विचारा.