वादविवादाचे मुद्दे शोधायचे कसे? आधी समोरच्याची बाजू लिहून काढा

तुम्ही विचारलंय : कोल्हापुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, वक्तृत्वात बक्षिसं मिळाली आहेत, आता महिन्याभरानं पहिली वादविवाद स्पर्धा आहे. विषय ‘कमी पटाच्या शाळा बंद करणे योग्यच आहे’, बाजू प्रतिकूल. मुद्दे कुठून आणायचे, आणि समोरून प्रश्न आला तर काय करायचं?

मी कॉलेजची सगळी वर्षं या स्पर्धा केल्या, आता शनिवारी मुलांचा सराव घेते. वक्तृत्वातून आलात म्हणजे सभाधीटपणा आहे, घंटेचं भान आहे. पण वक्तृत्वात समोर ऐकणारे असतात, वादविवादात खोडून काढणारा असतो. हा फरक मला एका हरलेल्या फेरीत कळला.

2019च्या महापुरानंतरची स्पर्धा. विषय होता ‘कोल्हापूरच्या महापुराला अलमट्टी धरणच जबाबदार आहे’ आणि मी अनुकूल बाजूला. अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण; त्यात पाणी अडवलं की ते मागे आपल्याकडे फुगतं, असा आरोप. त्या वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43 फूट असताना. शिरोळ तालुक्यातलं माझ्या मामांचं घर पाण्याखाली होतं. मी अगदी पोटतिडकीनं बोलले, टाळ्याही पडल्या. मग समोरची मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, “पाणी चढत होतं त्या दिवसांत अलमट्टीची पातळी किती मीटर होती, आणि विसर्ग किती चालू होता?” माझ्याकडे दोन्ही आकडे नव्हते. मी आधीचंच वाक्य आवाज चढवून पुन्हा म्हटलं. फेरी तिथंच संपली.

नंतर मी भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जुनी वर्तमानपत्रं काढून बसले. तेव्हा कळलं की धरणाची पूर्ण संचय पातळी 519.60 मीटर आहे, आणि 524.256 मीटरपर्यंत पाणी साठवायला कृष्णा पाणी तंटा लवादानं 2010 साली परवानगी दिली होती. मी भाषणात या दोन आकड्यांची सरमिसळ केली होती. वाढीव उंची हा पुढच्या काळातला धोका, आणि मी तो झालेल्या पुराच्या माथी मारला होता. पुराची कारणं शोधायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीच्या, पुढच्या वर्षी आलेल्या अहवालानं तर 2019च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचंच म्हटलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही, आजही त्यावर आपल्याकडे वाद आहे. पण विषयातल्या ‘धरणच’मधला तो एक ‘च’ माझ्या लक्षात आला असता, तर मी पूररेषेतली बांधकामं, नदीपात्रालगतचे रस्त्यांचे भराव, पावसाचा जोर या सगळ्याची तयारी केली असती. ‘च’ म्हटलं की बाकीची सगळी कारणं खोडायची जबाबदारी आपल्यावर येते.

तुमच्या विषयातही ‘योग्यच’ आहे, आणि तुम्ही प्रतिकूल आहात. ते ओझं समोरच्यांच्या डोक्यावर आहे. प्रत्येक छोटी शाळा चालू ठेवलीच पाहिजे, हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. सरसकट बंद करणं चुकीचं, एवढं पुरे.

आता वही. डावं पान समोरच्याचं, उजवं आपलं. पहिला आठवडा फक्त डावं पान भरा. हे मी आग्रहानं सांगतेय, कारण सगळे उलटं करतात. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत आहे : समोरच्याचं म्हणणं इतक्या प्रामाणिकपणे मांडायचं की त्यालाही ते आपलंच वाटावं, मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) आणि वितंडा असा भेद केलाय. स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडत राहणं म्हणजे वितंडा, आणि प्रतिकूल बाजूची मुलं बहुतेक वेळा तिथंच घसरतात. ‘बंद करू नका’ एवढं म्हणून थांबलात तर ‘मग काय करायचं?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

तुमच्या डाव्या पानावर काय येईल? एकच शिक्षक तीन-चार वर्ग सांभाळतो. सहा मुलांत कबड्डीचा संघ होत नाही, गटात शिकणं होत नाही. एका मुलामागे खर्च जास्त येतो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय मिळतं. हे मुद्दे खरे आहेत, ते हसण्यावारी नेऊ नका.

मग उजवं पान. शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम वाचा : पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. त्याच नियमांत शाळा देता येत नसेल तिथं मोफत वाहतुकीची तरतूद आहे. समोरचा नेमकी तीच वाचून दाखवेल, म्हणून ती तुम्हीच आधी वाचा आणि विचारा की गगनबावडा, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतल्या वाड्यांवर जुलैत ती गाडी पोचते का.

शाहू महाराजांचं नाव घ्यायचा मोह होईल. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कोल्हापुरात या वाक्याला टाळी हमखास. पण प्रतिस्पर्धी म्हणू शकतो, ‘महाराजांना मूल शिकायला हवं होतं, ते मोठ्या शाळेत जास्त शिकेल.’ म्हणून नुसतं नाव घेऊन थांबू नका. शिकण्याची जबाबदारी त्यांनी पालकावर टाकली तशी शाळेची सोय करण्याची राज्यावर घेतली, हा दुवा जोडलात तरच तो मुद्दा होतो.

आकडा घेताना तीन गोष्टी शेजारी लिहा : कुणी मोजलं, कधी मोजलं, नेमकं काय मोजलं. बातमीत ‘एका अहवालानुसार’ असेल तर तो अहवाल उघडा. शाळांचा पट आणि शिक्षकसंख्या यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, मिळते, राज्याचा खर्च दरवर्षीच्या आर्थिक पाहणीत. मूळ सापडलं नाही तर आकडा सोडून द्या, कितीही आवडला तरी. भाषणात दोन पक्के आकडे पुरतात.

सराव मैत्रिणीबरोबर, दोन्ही बाजूंनी, घड्याळ लावून. पुढं ब्रिटिश पार्लमेंटरी, म्हणजे एका फेरीत चार संघ असलेल्या वादविवादाच्या पद्धतीत उतरलात तर विषय हातात आल्यावर तयारीला पंधराच मिनिटं मिळतात आणि सात मिनिटं बोलायचं असतं. तेव्हा ही वहीची सवय कामी येते.

आणि स्पर्धेआधी एका कमी पटाच्या शाळेत प्रत्यक्ष जाऊन या. गुरुजींना किंवा बाईंना विचारा, ओढ्याला पाणी आलं की पलीकडची मुलं किती दिवस येत नाहीत. ते परवानगी देतील तर जुलै-ऑगस्टचा हजेरीपट बघा आणि गैरहजेरीचे दिवस स्वतः मोजून उजव्या पानावर लिहा.