घुमटावरचं सोनं

प्रश्न: अमृतसरला सुवर्णमंदिर बघून आलो. घुमट अख्खा सोन्याचा आहे का हो? आणि परत मुलामा देतात तो कसा?

उत्तर: नाही हो, अख्खा सोन्याचा कुठला, आत तांब्याचे पत्रे आहेत आणि वर सोन्याचा मुलामा. महाराजा रणजितसिंहांनी १८३० च्या सुमारास तो चढवून घेतला. पुढे १९९५ ते १९९९ मध्ये बर्मिंगहॅमच्या शीख संस्थेने सेवा म्हणून नव्याने काम करवून घेतलं. कारागीर सोनं कुटून कुटून वर्ख करतात, मग पत्रा घासूनपुसून पारा लावायचा, वर्ख बसवायचा, तापवायचं, की पारा उडून जातो आणि सोनं पत्र्याला धरून राहतं, असे थरावर थर. पाऱ्याची वाफ मात्र विषारी, फोटो काढताना हे कुणाला आठवतं!