आधी झाडू थांबवा, झाडांची नावं नंतर

प्रश्न : बोरिवलीत तळमजल्यावर राहतो. खिडकीमागे सोसायटीचा साधारण दहा बाय पंधरा फुटांचा मातीचा पट्टा आहे. तिथली देशी झाडं, फुलपाखरं, पक्षी ओळखायला शिकायचंय. कोणतं ॲप वापरू आणि कोणती देशी झाडं लावू?

उत्तर : यंदा काहीही लावू नका. ॲपचं नंतर बघू. आधी त्या पट्ट्यावरचा रोजचा झाडू आणि महिन्याची फवारणी बंद करून घ्या. जिथे दोन्ही चालू आहेत, तिथे ओळखायला काही शिल्लकच राहत नाही, मग फोनमध्ये दहा ॲप असली तरी काय उपयोग?

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे तगर. मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांत कुंपणाला तगरच असते, तुमच्याकडेही असेल. पावसाळ्यात एका सकाळी तिच्या शेंड्याची पानं गायब दिसतात, नुसते देठ उरतात. खाली पेव्हर ब्लॉकवर मिऱ्याएवढ्या काळपट हिरव्या गोळ्या पडलेल्या असतात. लोक वर बघतात आणि किंचाळतात. तुम्ही खाली बघा. गोळी ओली असेल तर अळी बरोबर त्याच्या वर, हातभराच्या आत आहे. ती बोटाएवढी जाड, पोपटी, मागे छोटं शिंग आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना निळसर पांढरा डोळ्यासारखा ठिपका. फांदीला टिचकी मारलीत तर ती डोकं आत ओढते आणि ते खोटे डोळे मोठे होऊन समोर येतात. ही ऑलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची अळी. तगर, कण्हेर, सप्तपर्णी हे तिचं खाणं. चावत नाही, अंगाला खाज आणत नाही.

खरी गंमत पुढे आहे आणि ती नेमकी झाडूखाली जाते. खाऊन पुरेसं झालं की अळीचा हिरवा रंग उतरतो, ती मळकट तपकिरी होते आणि झाडावरून खाली उतरून चालायला लागते. तिला पालापाचोळा हवा असतो. चार वाळकी पानं धाग्यांनी सैलसर बांधून ती आत कोश करते आणि साधारण दोन आठवड्यांनी हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बाहेर येतो. सोसायटीत काय होतं? सकाळी सात वाजता कोशासकट पाला गोळा होऊन काळ्या पिशवीत जातो. झाडावर उरलेल्या अळ्यांसाठी पेस्ट कंट्रोलवाला येतो, सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मारून जातो. त्यात अळ्या मरतात, शिवाय त्यांना खाणारे प्रार्थनाकीटक, गांधीलमाश्या, कोळी मरतात आणि शिंपी पक्ष्याच्या पिल्लांचा घासही जातो. पुढच्या खेपेला अळ्या पुन्हा येतात, त्यांना खाणारे तेवढ्या लवकर येत नाहीत. म्हणून तिसरी फवारणी, म्हणून चौथी. तगरीचं म्हणाल तर पावसात तिला दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी फुटते. तिला कोणाची मदत नको असते.

तेव्हा पहिलं काम : पट्ट्यावर पाला दोन ते तीन इंच राहू द्या. भिंतीपासून फूटभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरते आणि वाळवीचं खापर तुमच्यावर फुटतं. गटाराच्या जाळीवर एकही पान नको. जुलैत जाळी तुंबली की तुमचा सगळा निसर्गप्रेमाचा युक्तिवाद त्याच पाण्यात वाहून जाईल. पाल्यात प्लास्टिक आणि खरकटं अजिबात नको.

आता साप. पाला ठेवला की साप येतात, हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या सभेत कोणीतरी टाळीच्या अपेक्षेने म्हणतं आणि आमच्याकडेही दरवर्षी म्हणतं. साप पाला खायला येत नाही. तो बहुतेकदा उंदरामागे येतो आणि उंदीर ओल्या कचऱ्याच्या उघड्या डब्यामागे, फुटक्या चेंबरमागे आणि कबुतरांना टाकलेल्या दाण्यामागे येतो. डब्यांना झाकणं लावा, चेंबर बुजवा, दाणे बंद करा. मग पाल्यावर बोलू. हे तिन्ही न करता नुसता पाला झाडणाऱ्यांना सापाची भीती नसून पानांची किळस आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

हो, पण एक खरं आहे. घोणस वाळक्या पानांत पडून राहिली तर दिसत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप मुंबई परिसरात आहेत आणि तुम्ही तर राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी राहता. त्यामुळे पट्ट्यात उतरताना घोट्यावर येणारे बूट, रात्री टॉर्च, आणि पाला उचलायचा तर काठीने, हाताने नाही. साप दिसला तर धामण की नाग हे ठरवायला जवळ जाऊ नका. लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

दुसरं काम पावसाळ्याचं. पट्ट्यातला सहा बाय चार फुटांचा तुकडा आखा आणि पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत तो निंदू नका. माती भरणीची असली, खाली राडारोडा असला तरी उगवतं. कुर्डू, आघाडा, केना, टाकळा, घोळ, माका, भुईआवळा यांतलं बरंचसं आपोआप येईल, नशीब असेल तर तेरडाही. हाच आघाडा जूनमध्ये ‘रान’ म्हणून उपटून फेकायचा आणि गणपतीत दादरच्या बाजारात पत्रीच्या जुडीत पैसे मोजून आणायचा, ही आपली रीत. उपटायचं ते फक्त गाजर गवत आणि रानमोडी, तेही फुलायच्या आधी आणि मुळासकट. गाजर गवताला हातमोजे घाला, अनेकांना त्याने त्वचेला त्रास होतो.

या तुकड्यात शिकायचं कसं? नाव शोधण्याआधी पान उलटं करा. टाकळ्याच्या पानावर उभी, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरी अंडी दिसली तर ती बहुधा ग्रास यलो या पिवळ्या फुलपाखराची. घोळीवर डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराची अळी येते, त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखरासारखी असते. प्लेन टायगर चवीला वाईट म्हणून पक्षी त्याला टाळतात, ही त्याच्या वेशात फिरते. केन्याचं एक रोप अलगद मुळासकट काढा. वर निळी फुलं असतातच, पण मातीतल्या पांढऱ्या दांड्यांवर न उमलणारी फुलंही असतात आणि ती तिथेच बी धरतात. म्हणून केना वरून कापून संपत नाही, तुमच्या माळ्याला हे सांगा.

ॲप विचारलंत ते आयनॅचरलिस्ट. पण लोक फुलाचा एक फोटो टाकतात आणि ॲप भलतंच नाव देतं. किमान चार फोटो घ्या : पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानं दांडीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक हे दिसेल असा तुकडा, आणि फूल किंवा शेंग बाजूने. पान चुरगळून वास घ्या, तोडल्यावर चीक येतो का बघा, आणि ते टिपणात लिहा कारण फोटोत ते येत नाही. दोन पानांच्या कोवळ्या रोपाचं नाव ॲपला विचारूच नका. मोठ्या झाडांसाठी भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक सकाळ घालवा, तिथे एवढ्याशा जागेत जितकी झाडं बघायला मिळतात तितकी शहरात दुसरीकडे नाहीत.

देशी झाडांबद्दल. देशीचा हट्ट चांगला, पण पहिल्या दिवशी नको. पानफुटी मूळ मादागास्करची. तिच्या जाड पानाच्या आत रेड पिएरो या फुलपाखराची अळी राहते, आतला गर खात जाते आणि पान टरफलासारखं पारदर्शक होतं. लोक त्याला बुरशी समजून कुंडीच फेकतात. परदेशी म्हणून पानफुटी उपटलीत तर हे बघायला मिळणार नाही. उलट नर्सरीतून आणलेला देशी बेल पहिले काही महिने अळीसाठी विष असू शकतो, कारण रोपांवर अनेकदा इमिडाक्लोप्रिडसारखं पानात भिनणारं औषध मारलेलं असतं. पूर्ण नवी पालवी येईपर्यंत त्यावर काही जगेल अशी आशा धरू नका.

लावायचंच असेल तर पुढच्या जूनमध्ये, पाऊस नीट लागल्यावर : कढीपत्ता दोन, बेल किंवा लिंबू एक, कुंपणाला कोरांटी. दीड-दोन फुटांचा खड्डा, राडारोडा काढून त्यात माती आणि शेणखत. कढीपत्ता दोन एवढ्यासाठी की एक तुमचा, त्यावर जुनी मच्छरदाणी टाका, आणि दुसरा लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांचा. त्यांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठी झाली की हिरवी होते. डिवचलीत तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंगासारखं दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडते. तीन फुटी झाड सात-आठ अळ्या सहज फस्त करतात, तेव्हा जास्तीच्या अळ्या फांदीसकट लिंबावर हलवा. वड, पिंपळ, उंबर लावू नका. पक्ष्यांसाठी उत्तम, पण टाकी आणि ड्रेनेज लाइनपासून दहा-पंधरा फुटांत त्यांना जागा नाही. रुई फुलपाखरांना हवी असते, पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, घरात लहान मूल असेल तर सोडा.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात : मातीचं पसरट भांडं, पाणी दीड-दोन इंच, आत एक दगड. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. दयाळ, शिंपी, बुलबुल, चष्मेवाला हे पाण्याला येतील. तांबट दिसण्याआधी ऐकू येईल, उन्हाळ्यात दुपारभर टुक टुक चालूच असतं.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. कमिटीला ‘जैवविविधता’ वगैरे शब्द सांगू नका, त्यावर हसतात. तुकड्याभोवती विटांची एक ओळ तिरकी रोवा आणि मराठीत पाटी लावा : ‘बाग. झाडू व फवारणी नको.’ तेच रान विटांच्या आत आलं की त्याला कचरा म्हणायला जीभ रेटत नाही. आणि मे महिन्यात, छाटणीवाले येण्याआधी, सेक्रेटरीला लेखी पत्र देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नवी कमिटी आली की कोणाला आठवत नाही, आणि पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट मात्र सगळ्यांना आठवतं.