फरशीवरची चंद्रकोर : सूर्यग्रहणाविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रहणाच्या वेळी सूर्यातून विषारी किरण निघतात, असं लहानपणापासून ऐकत आले. तुम्ही स्वतः कधी ग्रहणात बाहेर उभ्या राहिला आहात का?

तीनदा राहिले, आणि एकदा राहिले नाही. आधी त्या एका वेळेचं सांगते. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मी बावीस वर्षांची होते. भौतिकशास्त्राची पदवी हातात होती आणि तरीही दारं-खिडक्या लावून घरात बसले. देशभर रस्ते ओस पडले होते. मोठ्यांना दुखवायचं नाही, असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती. दुपारी एका खिडकीच्या फटीतून रोज यायचा तसा कवडसा फरशीवर आला होता. रोज तो गोल असायचा. त्या दिवशी तो चंद्रकोरीसारखा होता. मी बघत बसले आणि कोर बारीक होत गेली. ज्याला बाहेर कोंडलं होतं ते ग्रहण फटीतून आत आलं होतं, आणि त्याने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. पुढे चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, आणि ग्रहणाचा धडा दर वेळी त्या कवडशापासूनच सुरू केला.

तर विषारी किरणांविषयी. ग्रहणात सूर्याला काहीही होत नाही. तो १५ कोटी किलोमीटर दूर आहे. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरवर आहे, आणि जे घडतं ते त्याच्या आणि आपल्या मध्ये घडतं. काल दुपारी जे किरण येत होते तेच आजही येतात, फक्त थोडे कमी.

मग डोळे का जातात? एरवी सूर्याकडे आपण बघूच शकत नाही. डोळे मिटतात, पाणी येतं, मान वळते. ग्रहणात एकूण उजेड कमी झाल्यामुळे डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि दिपल्यासारखं वाटत नाही, म्हणून माणूस टक लावून बघतो. पण सूर्याचा जो तुकडा उघडा असतो तो नेहमीइतकाच प्रखर असतो, आणि त्याची प्रतिमा बरोबर दृष्टिपटलाच्या मध्यावर पडते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. भाजलेलं त्या क्षणी समजत नाही, काही तासांनी वाचताना अक्षरांच्या मधोमध डाग दिसतो. हा डाग कधीकधी कायमचा राहतो.

काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, उन्हाचा गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काहीही चालत नाही. पाणी वरून पडलेल्या उजेडापैकी शेकडा दोन भाग परत फेकतं. ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्यातून तीस हजारांत एका भागाहूनही कमी उजेड आत येतो. या दोहोंत किती अंतर आहे ते बघा. चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक असावा आणि त्यावर ओरखडा नसावा. वेल्डिंगची १४ नंबरची काचही चालते. यातलं काहीच नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागदावर पडलेली कोर बघा. झाडाखाली उभं राहिलात तर तेही करायला नको. पानांमधल्या फटी तेच काम करतात आणि जमिनीवर शेकडो कोरी पसरतात.

माझा नातू सात वर्षांचा आहे. त्याला राहू-केतूची गोष्ट सांगू की नको? त्याचे वडील म्हणतात, आधी शास्त्र शिकू दे.

आजोबा, गोष्ट जरूर सांगा, आणि पूर्ण सांगा. देवांच्या पंगतीत चोरून बसलेला असुर, सूर्य-चंद्रांनी केलेली चहाडी, विष्णूचं चक्र, आणि अमृत गळ्यापर्यंत पोचल्यामुळे अमर झालेलं नुसतं डोकं. राहू सूर्याला गिळतो, पण त्याला धडच नाही, म्हणून सूर्य गळ्यातून परत बाहेर येतो! ग्रहण सुटतं हे या गोष्टीला पक्कं ठाऊक आहे. ज्याने हे रचलं त्याने ग्रहण शेवटपर्यंत पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

पण तिथे थांबू नका, कारण गोष्टीचा पुढचा भाग त्याहून सुरस आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो आणि अत्री ऋषी सूर्याला शोधून काढतात. पुढे इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने स्वच्छ लिहून ठेवलं, ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’. म्हणजे चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. राहूचं नाव मात्र गणितात टिकलं, आणि फार नेमक्या जागी टिकलं. सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग आणि चंद्राचा मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंना आपले ज्योतिर्गणिती राहू आणि केतू म्हणत आले. चंद्राचा मार्ग सुमारे पाच अंशांनी कललेला आहे. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे हे पाच अंश दहा चंद्रांइतके झाले. म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो आणि त्याची सावली पृथ्वीला चुकवते. अमावास्येला सूर्य राहू किंवा केतू या बिंदूंच्या जवळ असला तरच ग्रहण होतं. हे बिंदूही स्थिर नाहीत, ते उलटे सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात.

तेव्हा नातवाला सांगा, राहूजवळ गेल्याशिवाय सूर्याला ग्रहण लागत नाही, हे गोष्टीतही खरं आणि गणितातही. फक्त राहू हे डोकं नाही, ती जागा आहे. त्याच्या वडिलांनाही हे आवडेल. (दर अमावास्येला ग्रहण का होत नाही, असं विचारणाऱ्या दोन वाचकांना याच उत्तरात उत्तर मिळालं असेल.)

ग्रहणाभोवतीच्या सगळ्या समजुती म्हणजे भीती आणि अडाणीपणा. त्या जपण्यात काय अर्थ आहे?

तुमचा राग मला समजतो. भीतीने माणसं कुठवर जातात ते इतिहासात आहे. प्राचीन ॲसिरियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, ग्रहणाने राजाचा मृत्यू सुचवला की दुसऱ्याच कोणाला गादीवर बसवत. अरिष्ट त्या बदली राजावर जावं म्हणून मुदत संपल्यावर त्याला मारून टाकत. यातलं काही जपावं असं मी म्हणणार नाही.

पण त्याच प्रदेशातली एक मातीची वीट तुम्हांला दाखवावीशी वाटते. अरिष्टाच्या धास्तीने बॅबिलोनचे लोक शतकानुशतकं अशा विटांवर आकाशाची रोजनिशी लिहीत होते. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये १५ एप्रिलला बॅबिलोनमध्ये खग्रास ग्रहण झालं. लिहिणाऱ्याने नोंदवलं, की शुक्र आणि बुध दिसले, आणि जे त्या दिवसांत दिसत नव्हते ते गुरू आणि मंगळही दिसले. भर दिवसा चार ग्रह! ज्याने हे मोजलं त्याचा हात कापत असेल, पण नजर ढळली नाही.

आता गंमत बघा. पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने फिरत होती असं धरून त्या ग्रहणाचं गणित मागे नेलं, तर सावलीचा पट्टा बॅबिलोनवर येतच नाही. तो सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडतो, म्हणजे सव्वातीन तासांची चूक. वीट खोटं बोलत नाही, गणितही चुकलेलं नाही. चूक आपल्या गृहीतकात आहे. पृथ्वी मंदावते आहे. चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते, त्या घर्षणाचा ब्रेक लागतो आणि दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. एवढीशी गोष्ट दोन हजारांहून जास्त वर्षं साठत गेली आणि तीन तासांची झाली. जगातल्या कुठल्याही घड्याळाने इतक्या काळावर हे मोजलेलं नाही. ते मोजलं घाबरलेल्या माणसांच्या विटांनी. म्हणून मी अडाणी हा शब्द वापरत नाही. त्यांनी काढलेला अर्थ टाकून द्या, त्यांचं बघणं टाकू नका.

याच घर्षणामुळे चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर चालला आहे. आज सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट लांब आहे, म्हणून दोघं आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात. सुमारे साठ कोटी वर्षांनी चंद्र सूर्याला पुरा झाकू शकणार नाही आणि कंकणाकृती ग्रहणंच उरतील.

सून सातव्या महिन्यात आहे. तिने ग्रहण पाहिलं किंवा काही कापलं तर बाळाचा ओठ दुभंगेल असं शेजारणी सांगतात. मन धजत नाही.

ताई, ही भीती फक्त आपल्याकडची नाही. मेक्सिकोतही ओठाविषयी हाच समज आहे, आणि तिथे गर्भवती कपड्यांना धातूची पिन लावतात. इतक्या लांबच्या दोन समाजांना एकच काळजी लागावी यात मला आयांचं मन दिसतं. बाळ दुभंगलेल्या ओठाचं जन्मलं की आई कारण शोधते, आणि ग्रहण तर सगळ्यांच्याच लक्षात राहिलेलं असतं.

पण ओठ बनतो तो गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तुमच्या सुनेच्या बाळाचा ओठ केव्हाच बनून झाला आहे, आता कोणतीही सावली त्यात बदल करू शकत नाही. आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधं, आटोक्यात नसलेला मधुमेह यांचा त्या व्यंगाशी संबंध आहे, ग्रहणाचा नाही. तिला तासन्‌तास उपाशी आणि तहानलेली ठेवू नका, धोका असलाच तर त्यात आहे. बघायची इच्छा असेल तर चष्मा लावून शेजारी बसा दोघी.

आमच्याकडून ९५ टक्के सूर्य झाकलेला दिसणार असेल, तर उरलेल्या पाच टक्क्यांसाठी एवढा प्रवास कशाला?

कारण ते पाच टक्के म्हणजेच सगळं ग्रहण! सूर्याभोवतीचं प्रभामंडल सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद असतं. पाच टक्के सूर्य उघडा असला तरी तो प्रभामंडलाच्या पन्नास हजार पट तेजस्वी असतो. त्यापुढे काही दिसणं शक्यच नाही.

२४ ऑक्टोबर १९९५ ला मी राजस्थानात नीम का थाना इथे होते. सकाळचे साडेआठ, खग्रास स्थिती मिनिटभरही नाही, ५१ सेकंद. आधीचा तासभर मला वाटत होतं की काही विशेष घडत नाही. शेवटच्या मिनिटात ऊन पितळेसारखं झालं, सावल्यांच्या कडा धारदार झाल्या, अंगावर गारवा आला. बिंबाच्या कडेला एकच हिरा लखलखला आणि विझला. मग काळ्या वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पाकळ्या लांबवर पसरलेल्या दिसल्या. चष्मा काढून नुसत्या डोळ्यांनी बघायची परवानगी तेवढ्याच ५१ सेकंदांपुरती असते, एरवी कधीच नाही. गळ्यात कॅमेरा होता. त्याचं बटण मी दाबलं नाही, त्याला हात लावायचं सुचलंच नाही. डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला वेळ घालवायचा नव्हता. १९८० ला पडदे ओढून बसलेली मी त्या वेळी फार आठवले.

१९९९ आणि २००९ मध्ये दोन्ही वेळा ढग आले. अंधार तेवढा अंगावरून गेला. तरी जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. १८ ऑगस्ट १८६८ ला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला आला होता. सकाळी ढगांनी दगा दिला असता तर सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या उजेडाचा रंगारंगांत फोडलेला पट्टा, त्याला मिळाला नसता. त्याच ग्रहणात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेपासून हेलियमचा माग सुरू झाला. पृथ्वीवर तो वायू हाती लागायला पुढे १८९५ साल उजाडलं. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त असेल, आणि २० मार्च २०३४ ला पट्टा काश्मीर-लडाखवरून जाईल. तारखा लिहून ठेवा.

मी चौथीत आहे. ग्रहणात अंधार पडतो आणि रात्रीपण पडतो. मग दोन्हींत फरक काय?

बाळा, इतका चांगला प्रश्न मला वर्षभरात आला नव्हता. दोन्ही सावल्याच आहेत, फक्त वेगवेगळ्या. ग्रहणात तू चंद्राच्या सावलीत उभी असतेस. ती सावली फार तर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर रुंद, म्हणून तिच्या पलीकडे सगळीकडे ऊन असतं. खग्रास वेळी गोल फिरून बघ, चारही दिशांना क्षितिजावर एकदम संध्याकाळ झालेली दिसते.

रात्री आपण पृथ्वीच्याच सावलीत असतो. ती तर तू रोज बघू शकतेस. आज सूर्य मावळल्यावर लगेच पश्चिमेकडे पाठ कर आणि पूर्वेला क्षितिजाशी बघ. आकाश स्वच्छ असेल तर गुलाबी पट्ट्याखाली एक निळसर-करडा पट्टा हळूहळू वर चढताना दिसेल. ती पृथ्वीची सावली. दिसली की मला कळव.